गाय दोन, पेंडी एक

मी बालसाहित्य शिकवत होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणतो आणि मग जरा थांबून विचारतो, "म्हणजे बालवाडीत का?" नाही हो. कॉलेजात. एम.ए.च्या मुलामुलींना. माझ्या वर्गातल्या कित्येक जणींच्या कडेवर स्वतःचीच लेकरं असायची, आणि त्यांना मी लेकरांची पुस्तकं कशी वाचायची ते शिकवायचे. एवढं सांगितल्यावर समोरचा शेवटचा बाण सोडतो. "पण त्यात शिकवायचं काय?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो माझ्या मुलाखतीतच. आमच्या बीड जिल्ह्यात साखर कारखाना, दूध संघ आणि कॉलेज ही बहुतेक ठिकाणी एकाच घरातली भावंडं असतात. माझं कॉलेजही कारखान्याच्या संस्थेचं. त्यामुळे निवड समितीत दोन प्राध्यापक आणि बाकी ऊस उत्पादक. मी बालमानसशास्त्रापासून लोककथांपर्यंत सगळं घोकून गेले होते. त्यातल्या एका पागोटेवाल्या सभासदांनी मला मध्येच तोडलं. "बाई, ते ऱ्हाऊ द्या. एक गोष्ट सांगून दाखवा."

मी चाटच पडले. पदवीचे कागद बाजूला ठेवले आणि सांगितली एक. अर्ध्यावर आले तोवर त्या गृहस्थांची मान छातीवर टेकलेली. मी मनातल्या मनात परतीची एसटी धरली. तर ते डोळे उघडून म्हणाले, "झोप लागली. म्हंजे गोष्ट पक्की हाय. घ्या यांना." अशी मला नोकरी लागली.

आता खरंच काय शिकवायचे ते सांगते. मोठ्यांचं पुस्तक वाचक स्वतः निवडतो. लेकराचं पुस्तक मात्र मोठा माणूस लिहितो, मोठा माणूस छापतो, मोठाच विकत घेतो आणि शेवटी मोठाच वाचून दाखवतो. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला कोणी विचारत नाही. म्हणून गोष्ट कोणाच्या बाजूने बोलते, शहाणपण कोण कोणाला शिकवतंय आणि लेकरू ऐकताना नेमकं कुठे चुळबुळ करतं, हे तपासायचं. पुस्तकात बसून हे कळत नाही. त्यासाठी आमची एक पद्धत होती, अर्ध्या गोष्टीची. गोष्ट अर्धी सांगायची, थांबायचं आणि लेकरांना विचारायचं, "पुढं काय झालं?" मग ती जे सांगतील ते मुकाट्याने ऐकायचं. बस. एवढ्याशा गोष्टीतून मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते जितकं बाहेर येतं तितकं चाचणी परीक्षांतून येत नाही. हे मी वर्षानुवर्षं सांगत आले. त्याचा अर्थ मला पुरता कळला तो मात्र एका दुष्काळात, आणि कळला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

त्याआधी आमच्या चेअरमनसाहेबांची ओळख करून देते. कारखान्याचे, दूध संघाचे आणि कॉलेजचे चेअरमन एकच. धिप्पाड माणूस, आवाज माइकशिवाय शिवारभर जाणारा. आमचं कधी वाकडं नव्हतं. एक दिवस त्यांचा ड्रायव्हर माझ्या टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवून गेला. चेअरमनसाहेबांचा बालकवितासंग्रह! ज्या छापखान्यात उसाच्या वजनाच्या पावत्या छापल्या जायच्या तिथेच छापलेला. पहिल्या कवितेत ऊस गाळपाच्या गव्हाणीत पडण्यापूर्वी कारखान्याला नमस्कार करून आभार मानत होता. मी डोक्याला हात लावला. संध्याकाळी त्यांचा फोन. "मॅडम, अभ्यासक्रमात लावा की." मी सांगितलं, तो विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं. ते म्हणाले, "मंडळात कोन कोन हाय? नावं द्या."

शेवटी 'बोधपर कवितांचे नमुने' म्हणून मी तो संग्रह वर्गात वाचायला घेतला. नमुना कशाचा, ते मुलांना कळलं. चेअरमनसाहेब मात्र खूश झाले आणि तेव्हापासून स्वतःला माझ्या विषयाचे पालक समजू लागले. हे मला सोयीचंच होतं. दर जूनमध्ये प्राचार्य माझा पेपर बंद करून दुसरा काहीतरी चालू करायचं म्हणायचे, आणि दर जूनमध्ये चेअरमनसाहेब म्हणायचे, "लेकराबाळांचा विषय हाय, ऱ्हाऊ द्या."

मग तो दुष्काळ आला. त्या वर्षी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, कारण गाळायला ऊसच नव्हता. जो थोडा उभा होता तो कापून जनावरांना घातला गेला. माझा वर्ग रिकामा पडायला लागला. मला वाटलं, पोरं पुण्याला कामाला गेली. तर मंगल नावाची माझी एक हुशार विद्यार्थिनी, मांजरसुंब्याजवळच्या एका गावची सून, एका दुपारी धापा टाकत आली. म्हणाली, "मॅडम, सगळे छावणीवर हायेत. जनावरापाशी माणूस लागतंय. तास तिकडंच घ्या ना."

मी वर्ग छावणीत नेला. कारखान्याच्या मोकळ्या माळावर चाऱ्याची छावणी पडली होती. हिरव्या जाळीखाली दावणीच्या रांगा, मध्ये टँकरच्या पाण्याचे हौद, आणि जनावरांच्या शेजारीच चुली मांडून राहिलेली माणसं. छावणीतल्या प्रत्येक जनावराची शिंगं लाल रंगवलेली. ओढ्याच्या पलीकडे दूध संघाची दुसरी छावणी होती, तिथली शिंगं निळी. सरकार छावणीला जनावरामागे पैसे देतं, तेव्हा आपलं जनावर आपल्याच छावणीत मोजलं जावं म्हणून ही खूण, असं मला सांगण्यात आलं आणि मला ते पटकन पटलं.

तिथे दुपारभर मोकळी लेकरं होती, आणि माझ्या विद्यार्थ्यांना ऐकणारे कान हवे होते. मंगल गोष्ट सांगायची, बाकीचे टिपणं घ्यायचे. लेकरांमध्ये एक रखमा होती. दहा-एक वर्षांची, केस तेलाविना राठ झालेले, बोलायला लागली की मध्ये कुणाला शिरू द्यायची नाही. तिचा बाप दगडू एक बैलजोडी आणि एक गाय घेऊन छावणीत आला होता. घरी काडी नव्हती. दगडू मला एकदा म्हणाला होता, "बाई, ही जोडी जगली तर पेरनी. न्हाई तर पाऊस येऊन तरी काय उपेग?" त्या जोडीचा चारा हाच त्या घराचा पुढचा सगळा हंगाम होता.

एक दिवस चेअरमनसाहेब तहसीलदारांना घेऊन छावणीवर आले. सकाळी दोन्ही छावण्यांची तपासणी झाली, मध्ये चहा झाला. मग त्यांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, आमचं कॉलेज छावनीत भरतंय. बालसाहित्याचा तास! मी बी त्यातलाच हाय थोडा." खुर्च्या मांडल्या गेल्या. मीही पदर सावरून उभी राहिले. एवढे मोठे पाहुणे माझा विषय बघायला कधी आलेच नव्हते.

मंगलने गोष्ट सुरू केली. आमच्याच वर्गाने रचलेली, साधी. ढवळी नावाची एक गाय. गावातलं गवत संपलं, पाणी आटलं, म्हणून ती चालत चालत निघाली. चालता चालता एका माळावर आली. तिथे चाऱ्याच्या पेंड्यांची भलीमोठी गंजी, आणि गंजीवर राखणीला बसलेला एक कोल्हा. ढवळी म्हणाली, "कोल्हेदादा, मला भूक लागली रे." इथे मंगल थांबली. "सांगा बरं, पुढं काय झालं?"

रखमा उभी राहिलीच. "कोल्हा म्हनला, ये. आन तिची शिंगं लाल केली. तिला एक पेंडी दिली."

"मग?"

"मग मोजायवाले आले. त्यांनी ढवळीला मोजलं आन गेले च्या प्यायला. तवर कोल्ह्यानं ढवळीची शिंगं घासलेटानं पुसली, निळी केली, आन तिला वढ्यातून पल्याड नेलं. मोजायवाले तिकडं गेले. तिकडं बी मोजली. मग ढवळी एकाच्या दोन झाल्या. पर खायला पेंडी एकच."

आता माझी अक्कल बघा. मी तहसीलदारांकडे वळून, हात पसरून म्हणाले, "बघितलंत साहेब? मुलांची कल्पनाशक्ती! मोठ्यांना सुचणार नाही असं वळण." अध्यापनाची सवय अशी असते की समोर साप निघाला तरी आधी त्याचा प्रकार सांगावासा वाटतो. बायांनी माना खाली घातल्या. छावणीचा व्यवस्थापक हौदाकडे तोंड करून उभा राहिला. आणि मागून एक पोरगं ओरडलं, "आमच्या म्हशीची बी केलती निळी!" दुसरं ओरडलं, "आन आमच्या दोन्ही गाईची!" जो तो आपापल्या जनावराची साक्ष द्यायला लागला. मी रखमाकडे पाहिलं. तिच्या दोन बोटांच्या नखांत निळा रंग होता.

ही कल्पना नव्हतीच. ती पोर मला सकाळची हकीकत सांगत होती.

चेअरमनसाहेब मात्र खदाखदा हसले. "लेकरं लई इपितर हायेत बगा." तहसीलदारही हसले. गाड्या निघून गेल्या. माझे विद्यार्थी टिपणवह्या मिटून बसले होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मंगल एवढंच म्हणाली, "मॅडम, गोष्ट आपनच सांगितली ना?"

बातमी गेवराईच्या रस्त्यापासून परळीच्या स्टेशनापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर दूध पातळ मिळालं की गिऱ्हाईक म्हणायचं, "गाय दोन, पेंडी एक." एसटीत दोन सीटवर एकच जण पसरून बसला की हेच. लोक हसत होते आणि मला धडकी भरत होती. आता माझा पेपर गेला, हे मी धरूनच चालले होते. पण गेलं ते भलतंच.

मंगल स्टाफरूमच्या दारात रडत उभी राहिली. "मॅडम, रखमाच्या बापाची जनावरं छावनीतून काढली. जागा न्हाई म्हनले."

मी तशीच रिक्षा करून गेले. छावणीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली दगडूची बैलजोडी बांधलेली होती. रखमाची आई बाभळीच्या शेंगा झोडपून खाली पाडत होती आणि बैल त्या काट्यांतून वेचून खात होते. कुंपणाच्या आत, दहा पावलांवर, चारा पडलेला. दगडू माझ्यावर चिडेल म्हणून मी मान खाली घातली, तर तो म्हणाला, "बसा बाई. पानी हाय थोडं, देऊ का?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिथून मी थेट चेअरमनसाहेबांकडे गेले. एवढा राग मला नोकरीत कधी आला नव्हता. मी उभ्यानेच म्हणाले, "साहेब, एका गोष्टीपायी तुम्ही बैल उपाशी मारणार?"

"कोन मारतंय?" ते शांतपणे म्हणाले. "बसा. मला तर म्हाईतच न्हाई कुनाला काढलं ते. व्यवस्थापकानं काढलं आसंल." मग त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "मॅडम, येत्या रविवारी जिल्ह्याचे मोठे साहेब येतायत छावनी बगायला. ती गोष्ट त्यांच्या बी कानावर गेलीया. तुमी तुमचा वर्ग घेऊन या. तीच गोष्ट सांगा. लेकरांनी शेवट चांगला केला की झालं. मग कोन आत, कोन भायेर, सगळं बगू."

मी थक्क झाले. आमच्या सगळ्या विद्वान मंडळींपेक्षा या माणसाला माझा विषय जास्त कळला होता. लेकराच्या तोंडून आलेल्या शेवटाची ताकद त्याने ओळखली होती. मी म्हणाले, "मी पोरांना शेवट पढवणार नाही."

"नका पढवू. तुमी फकस्त या."

मी गेले. का गेले? कारण बाभळीखालची ती जोडी रोज वाळत चालली होती. पण मी मनाशी पक्कं केलं होतं की गाईची गोष्ट सांगायचीच नाही. एका आळशी ढगाची गोष्ट मी तयार केली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण. त्यात विचारायला जागाच ठेवली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी लेकरांना बोलू न देण्याची तयारी करून वर्गावर चालले होते.

रविवारी मांडव होता, सतरंज्या होत्या. पहिल्या रांगेत मोठे साहेब, त्यांच्या शेजारी चेअरमनसाहेब. त्यांच्या नजरा चुकवत मी ढगाची गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात मांडवाच्या बाजूने रखमा आत आली. बाहेरून, रस्त्यावरून आली होती. तिला कुणी अडवायच्या आत ती मोठ्याने म्हणाली, "बाई, ती गाईची सांगा ना. ढवळीची."

मी मानेने नाही म्हटलं. मोठे साहेब हसून म्हणाले, "हीच का ती मुलगी? सांगा, मलाही ऐकायची आहे." चेअरमनसाहेबांच्या कपाळावर घाम होता. मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? तिने कोल्ह्यापर्यंत गोष्ट सांगितली. "पुढं काय झालं?" हे तिने कसंबसं विचारलं.

रखमाने हात पाठीमागे बांधले.

"कोल्हा म्हनला, ये माय, तू पाव्हनी हायेस. त्यानं ढवळीला दोन पेंड्या दिल्या. ढवळी म्हनली, मला एकच पुरं, एक माझ्या शेजारनीला द्या. मग मोजायला लई मोठे साहेब आले. ढवळी एकच व्हती. त्यांनी एकच मोजली. कोल्ह्याला म्हनले, शाब्बास."

मांडवात सुस्कारे ऐकू आले. चेअरमनसाहेबांनी टाळी वाजवायला हात उचलला. पण रखमाचं संपलं नव्हतं.

"मग ते साहेब म्हनले, कोल्हेदादा, कुनी भायेर तर न्हाई ना ऱ्हायलं? कोल्हा म्हनला, एक जन ऱ्हायलाय साहेब, बाभळीखाली. त्याला आत्ताच आत घेतो."

आणि ती चेअरमनसाहेबांकडे टक लावून बघत उभी राहिली.

मोठ्या साहेबांचे डोळे ओले झाले होते, खोटं नाही सांगत. ते चेअरमनसाहेबांना म्हणाले, "खरंच कोणी बाहेर आहे का हो?"

"एकच जन हाय साहेब," चेअरमनसाहेब म्हणाले. "आत्ताच आत घेतो."

टाळ्या पडल्या. साहेबांनी रखमाच्या डोक्यावरून हात फिरवला, माझं कौतुक केलं, आमच्या विषयासारखे विषय प्रत्येक कॉलेजात हवेत असं म्हणाले. माझा पेपर त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत कुणी बंद करायचं नाव काढलं नाही. शिंगांच्या रंगाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. साहेबांनी नाही, आणि त्या मांडवात मीही नाही.

गर्दी पांगल्यावर मी रखमाला बाजूला घेतलं. "हा शेवट तुला कुणी शिकवला गं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"पयला सांगितला तवा बैल भायेर गेलते," ती म्हणाली. "म्हून ह्यो केला."

बालमनाच्या घडणीवर मी किती पानं लिहिली असतील! त्यातल्या एका पानावरही हे नव्हतं. कोणता शेवट कोणत्या कानासाठी करायचा हे त्या पोरीला एका आठवड्यात आलं होतं, उपाशी बैलांशेजारी बसून. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी असं वाईट वाटलं की मला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला. तिथे भिंत नव्हती, हौद होता. त्याच्या कठड्यावर मी बसले.

तेवढ्यात दगडू बैलजोडी घेऊन कुंपणातून आत आला. मागून रखमाची आई गाय घेऊन. बैलांच्या फऱ्यांची हाडं वर आली होती. व्यवस्थापकाने स्वतः पेंड्या आणून टाकल्या आणि लाल रंगाचा डबा उघडला. बैल खायला लागले तसा दगडू माझ्याजवळ आला. मी उठले. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"बाई, लई उपकार झाले तुमचे. पोरगी शानी केली तुमी."

"मी काही नाही केलं दगडूभाऊ. खरंच नाही."

तो समजुतीने हसला, जणू मी मोठेपणा म्हणून नाही म्हणत होते. मग त्याने एकदा बैलांकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि हात जोडले.

"एकच इनंती हाय बाई. राग मानू नका. पाऊस पडस्तोवर आता हिकडं गोष्ट सांगाया येऊ नका."

मी "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तास परत कॉलेजात घ्यायला लागले.